टाइमकोडवर लावलेले प्रकाशाचे क्यू शेवटाकडे मागे का पडतात?

आपली अडचण थोडक्यात अशी आहे. पुण्यातील आपल्या नृत्यसंस्थेने संपूर्ण ध्वनिमुद्रित संगीतावर चालणारी ४२ मिनिटांची कथक नृत्यनाटिका बसवली आहे आणि तिच्यातील प्रकाशाचे जवळजवळ सगळे क्यू, म्हणजे प्रकाश बदलण्याचे ठरलेले क्षण, टाइमकोडवर, म्हणजे संगीताबरोबर चालणाऱ्या तास-मिनिट-सेकंद-फ्रेमच्या आकड्यांवर, लावले आहेत. क्यूंच्या वेळा ध्वनिसंपादकाने आपल्या सॉफ्टवेअरमधील घड्याळ पाहून लिहून दिल्या आणि त्या आपण कंसोलमध्ये, म्हणजे दिवे चालवणाऱ्या यंत्रात, भरल्या. तालमीच्या हॉलमध्ये कंसोलच्या स्वतःच्या घड्याळावर चालवून पाहिले तेव्हा सगळे जागच्या जागी पडत होते. नाट्यगृहातील रंगीत तालमीत मात्र ध्वनीच्या लॅपटॉपमधून टाइमकोड घेतला, तेव्हा सुरुवातीची वंदना ठीक गेली, अर्ध्यावर प्रकाश मागे पडू लागला आणि शेवटच्या चक्रदाराच्या (तीनदा घेतल्या जाणाऱ्या बोलरचनेच्या) समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) व्हायचा ब्लॅकआउट जवळजवळ अडीच सेकंद उशिरा झाला. शिवाय मध्ये दोन ठिकाणी काही क्यू आलेच नाहीत. आता प्रत्येक क्यू अंदाजाने अलीकडे घ्यावा का, आणि इतके झाल्यावर प्रयोग टाइमकोडवर ठेवावा तरी का, असे आपण विचारले आहे.

क्यूंना अजून हात लावू नका. मी गेली २२ वर्षे प्रकाशयोजना करते आहे, आणि टाइमकोडचे काम बिघडले की लोक सर्वांत आधी क्यू सरकवू लागतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. क्यू सरकवल्याने त्या दिवशीची तालीम कदाचित सावरेल. पण मूळ दोष तसाच राहील आणि पुढच्या प्रयोगाला लॅपटॉप बदलला की सगळे पुन्हा विस्कटेल. त्याआधी चूक कशी वाढते आहे ते पाहावे. ती पहिल्या क्यूपासून शेवटच्या क्यूपर्यंत सारखीच असेल, तर केवळ आरंभाची वेळ चुकलेली असते आणि एक ऑफसेट, म्हणजे सगळ्या वेळांना एकच सरसकट फरक, देऊन काम भागते. ती वेळेबरोबर एकसारखी वाढत गेली, तर दोन घड्याळांच्या चालीत फरक असतो. ती मधूनच उपटत असेल आणि पुन्हा नाहीशी होत असेल, तर सिग्नल नीट पोहोचत नसतो. आपल्याकडे दुसरा आणि तिसरा असे दोन दोष एकाच वेळी आहेत, म्हणून चित्र गोंधळाचे दिसते.

चालीचा दोष आधी घेऊ, कारण त्याचे उत्तर आपण दिलेल्या आकड्यांतच आहे. ४२ मिनिटे म्हणजे २,५२० सेकंद, आणि त्याचा एक हजारावा भाग म्हणजे २.५२ सेकंद. चूक जेव्हा बरोबर हजारात एक इतकी निघते, तेव्हा ३० आणि २९.९७ या दोन फ्रेमदरांची (सेकंदाला किती फ्रेम मोजायच्या, या दोन दरांची) सरमिसळ झाली आहे, असे मी जवळजवळ डोळे मिटून सांगते. २९.९७ हा दर अमेरिकेतील रंगीत दूरचित्रवाणीतून आला. त्यात मोजणी ३० फ्रेमचीच असते, पण फ्रेम हजारात एक इतक्या सावकाश जातात. त्यामुळे टाइमकोडवर एक तास पूर्ण होतो तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात एक तास आणि ३.६ सेकंद झालेले असतात. हा फरक भरून काढण्यासाठी ड्रॉप फ्रेम नावाची पद्धत आहे. तिच्यात दर मिनिटाच्या सुरुवातीला ०० आणि ०१ हे दोन क्रमांक गाळतात, फक्त दर दहाव्या मिनिटाला गाळत नाहीत. अशा प्रकारे तासाला १०८ क्रमांक गळतात आणि हिशेब जवळजवळ जुळतो. गळतात ते केवळ क्रमांक, फ्रेम एकही कमी होत नाही.

आपल्याकडे काय झाले असावे, ते आता स्पष्ट होते. ध्वनिसंपादकाने वेळा लिहून दिल्या त्या खऱ्या सेकंदांत. नाट्यगृहात वाजवलेला टाइमकोडचा ट्रॅक मात्र २९.९७चा, ड्रॉप फ्रेम नसलेला तयार झाला. काही सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओ प्रकल्पाचा दर आपोआप तसा लागलेला असतो आणि तो कोणी पाहत नाही. म्हणून कंसोलला ४२ मिनिटांचा आकडा दिसला तेव्हा संगीत अडीच सेकंद पुढे गेलेले होते. दहाव्या मिनिटाला हीच चूक केवळ ०.६ सेकंदाची होती आणि वंदनेत ती कोणाच्या नजरेत भरली नाही. हॉलमधल्या तालमीत कंसोलचे घड्याळही खऱ्या सेकंदांवरच चालत होते, त्यामुळे तिथे दोष दिसण्याचा प्रश्नच नव्हता.

उपाय सोपा आहे. आपल्या नोंदी ३० फ्रेमच्या हिशेबाने भरलेल्या असतील, तर नेमका ३०चा नवा ट्रॅक तयार करून घ्यावा आणि कंसोलमध्येही ३०च ठेवावे. एकही क्यू हलवावा लागणार नाही. नवे काम सुरू करताना मात्र मी २५चा आग्रह धरते. आपल्याकडच्या दूरचित्रवाणीचा दर तोच आहे, एक फ्रेम म्हणजे बरोबर ४० मिलिसेकंद होतात आणि ड्रॉप फ्रेमची भानगडच उरत नाही. पडद्यावर चालणारा व्हिडिओ २४चा असो वा ३०चा, टाइमकोडचा दर त्याच्याशी जुळलाच पाहिजे असे नाही. जो दर ठरेल तो ध्वनी, प्रकाश आणि व्हिडिओ या तिघांनी कागदावर लिहून ठेवला पाहिजे, इतकेच.

याच्याशी जोडलेली एक गोष्ट सांगून ठेवते. संगीत एका लॅपटॉपवर आणि टाइमकोड दुसऱ्या लॅपटॉपवर, असे कधीही करू नये. दोघांच्या आतल्या घड्याळांचे स्फटिक कधीच अगदी सारखे चालत नाहीत. दहा लाखात ५० इतका फरक धरला तरी ४२ मिनिटांत ०.१३ सेकंदाची, म्हणजे २५च्या दराने तीन फ्रेमची तफावत पडते. दोन्ही ट्रॅक एकाच प्रकल्पात, एकाच साउंडकार्डमधून निघाले, तर ते एकमेकांपासून दूर जाऊच शकत नाहीत. चार आउटपुटचे साउंडकार्ड घ्यावे. पहिल्या दोनांवर संगीत, तिसऱ्यावर टाइमकोड. तेही नसेल, तर डाव्या वाहिनीवर मोनो संगीत आणि उजव्या वाहिनीवर टाइमकोड, अशी एकच फाइलही चालते. मीसुद्धा लहान प्रयोग तसे केले आहेत.

आता न आलेल्या क्यूंकडे वळू. एलटीसी, म्हणजे आपण वापरलेला टाइमकोड, हा एक ध्वनिसंकेत आहे. प्रत्येक फ्रेमसाठी ८० बिट, त्यामुळे २५च्या दराने सेकंदाला २,००० बिट जातात आणि संकेत साधारण १ ते २ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात राहतो. स्पीकरवर तो रातकिड्यांच्या किरकिरीसारखा ऐकू येतो. ध्वनी असल्यामुळे संगीताला चांगले करणारी प्रत्येक गोष्ट त्याला बाधते. त्याच्या वाहिनीवर कॉम्प्रेसर, इक्वलायझर किंवा रिव्हर्ब असता कामा नये. फाइल एमपी३ची नसावी, वेव्हची असावी. एबलटन लाइव्हमध्ये वाजवत असाल, तर त्या क्लिपचा वार्प बंद केलेला असावा, कारण गाण्याची लय बदलताना ते सॉफ्टवेअर टाइमकोडही ताणते आणि तो वाचण्याच्या लायकीचा उरत नाही. पातळी डिजिटल मीटरवर उणे १० डेसिबलच्या आसपास ठेवावी. फार कमी ठेवली तर कंसोल लॉक होत नाही, म्हणजे टाइमकोड पकडत नाही; फार वाढवली तर संकेत कापला जातो आणि जवळच्या वाहिनीत झिरपतो.

आपण सांगता त्यावरून लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून निघालेली लांब केबल डिमरच्या (दिव्यांची तीव्रता कमीजास्त करणाऱ्या यंत्रांच्या) केबलींना लगटून विंगेतून आणली होती, आणि गुणगुण ऐकू आली म्हणून ध्वनीवाल्यांनी मध्ये एक डीआय बॉक्स घातला. त्यांचा हेतू चांगला होता, पण नेमके इथेच बिनसले. साधा डीआय बॉक्स संकेताला माइकच्या पातळीवर उतरवतो, आणि कंसोलची एलटीसीची जोडणी लाइन पातळीची अपेक्षा करते. मग संकेत कसाबसा वाचला जातो, आणि हॅलोजनचा मोठा गट एकदम चढला की डिमरचा आवाज त्याच्यावर मात करतो. न आलेले क्यू अशाच क्षणी आहेत का, हे तपासून पाहा. माझी खात्री आहे की दोन्ही ठिकाणी त्याच्या थोडे आधी हॅलोजन चढलेले असतील. डीआयऐवजी एकास एक गुणोत्तराचा ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर वापरावा, साउंडकार्डच्या बॅलन्स्ड आउटपुटमधून एक्सएलआर केबल न्यावी, आणि ती डिमरच्या तारांपासून दूर ठेवावी. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडावी.

कंसोलमध्ये फ्रीव्हीलची मुदतही पाहून घ्यावी. टाइमकोड तुटल्यावर कंसोलने आपल्या अंदाजाने किती वेळ पुढे चालत राहायचे, हे ती ठरवते. शून्याच्या जवळ ठेवली तर क्षणभराच्या खंडानेही क्यू गळतो. पाच-सहा सेकंद ठेवली आणि संगीत मुद्दाम थांबवले, तर रंगमंचावर सगळे स्तब्ध असताना प्रकाश पुढे धावत राहतो. मी साधारण अर्धा सेकंद ठेवते.

आपल्या तालमीत आणखी एक गोष्ट घडली असणार: चूक झाली म्हणून मध्येच थांबून, संगीत मागे घेऊन पुन्हा सुरू केले गेले. टाइमकोडने उडी मारली की कंसोल मधल्या क्यूंचे काय करतो, हे त्या त्या कंसोलवर आणि त्याच्या सेटिंगवर अवलंबून असते. काही फक्त पुढे ओलांडल्या जाणाऱ्या क्यूंना गो (सुरू होण्याची आज्ञा) देतात, आणि आधीचा क्यू चुकल्यामुळे जे दिवे लागायला हवे होते ते लागतच नाहीत. म्हणून प्रत्येक नृत्याच्या पहिल्या क्यूमध्ये सगळ्या दिव्यांची पूर्ण स्थिती नोंदवून ठेवावी; मागचा कोणताही क्यू आला नसला तरी त्या ठिकाणापासून सगळे सावरते. त्याच्या जोडीला प्रत्येक नृत्याला टाइमकोडचा स्वतंत्र तास द्यावा: वंदना ०१:००:००:०० पासून, पुढचे नृत्य ०२:००:००:०० पासून, आणि असेच पुढे. यामुळे एखादे नृत्य आयत्या वेळी दोन मिनिटांनी कापले तरी त्यानंतरच्या नृत्यांच्या वेळांना धक्का लागत नाही, आणि इंटरकॉमवर तासाचा आकडा ऐकताच कोणते नृत्य चालू आहे ते सर्वांना कळते. टाइमकोड संगीताच्या दहा सेकंद आधी सुरू करावा, म्हणजे पहिली थाप पडेपर्यंत कंसोल लॉक झालेला असतो. म्हणूनच कोणतेही नृत्य ००:००:००:०० वर सुरू करू नये. त्याच्या दहा सेकंद आधी आकडा २३ तासांचा असतो आणि मध्यरात्र ओलांडताना बरेच कंसोल गोंधळतात.

एवढे झाले की मग क्यू नेमका कुठे ठेवायचा, हा खरा आपल्या कलेचा प्रश्न येतो, आणि यावर सर्वांत जास्त वेळ घालवावा असे मला मनापासून वाटते. आपला शेवटचा चक्रदार द्रुत तीनतालात आहे. लय मिनिटाला २४० मात्रांची धरली, तर एक मात्रा २५० मिलिसेकंदांची, म्हणजे २५च्या दराने सव्वासहा फ्रेमची होते. क्यू तीन फ्रेमने चुकला तर अर्धी मात्रा चुकली. प्रेक्षकाला कारण सांगता येणार नाही, पण नर्तकीचा पाय समेवर पडला आणि अंधार अर्ध्या मात्रेने आला, तर सम निसटल्याची भावना सबंध सभागृहात उतरते. तीन वेळा तिहाई (तीनदा येऊन समेवर संपणारा तुकडा) रचून ज्या क्षणासाठी लोकांचा श्वास रोखून धरला, तो क्षण हातचा जातो.

अशा ठिकाणी मी आधी संगीत ऐकत क्यू हाताने ठोकते. ग्रँडएमए ३ या कंसोलवर टाइमकोड शोमध्ये रेकॉर्ड करून आणि ईऑस कंसोलवर इव्हेंट लिस्टमध्ये शिकवून हे करता येते. मग संपादकाच्या पडद्यावर त्या समेची ध्वनिलहर मोठी करून पाहते. तबल्याच्या धा ची लहर जिथे उभी चढते, तिथला आकडा हाच आधार. माझा हात त्यापेक्षा तीन-चार फ्रेम इकडेतिकडे असतो; पाठ झालेल्या तुकड्यावर तो बहुधा अलीकडेच पडतो, कारण मन समेची वाट पाहत असते. लहरीवरून आकडा घेतल्यावर दिव्याचा स्वभाव लक्षात घ्यावा. एलईडी पार क्षणात लागतो, क्षणात विझतो. हजार वॅटच्या हॅलोजनची तार तापायला आणि निवायला वेळ घेते. पुण्याच्या बहुतेक नाट्यगृहांत आपण दोन्ही एकत्र वापरतो, त्यामुळे समेवरच्या ब्लॅकआउटसाठी मी हॅलोजनचा भाग वेगळ्या क्यूमध्ये काढून तो तीन-चार फ्रेम आधी ठेवते आणि एलईडीचा भाग बरोबर समेवर. दोन्ही मिळून अंधार एकदम पडल्यासारखा दिसतो. मूव्हिंग हेडच्या, म्हणजे डोके फिरवणाऱ्या दिव्यांच्या, बाबतीत त्यांची जागा, रंग आणि गोबो (प्रकाशातली नक्षी) आधीच्या अंधारात तयार करून ठेवावेत आणि समेवर फक्त तीव्रता उघडावी. डोके फिरायला लागणारा वेळ टाइमकोड वाचवू शकत नाही.

याहून बारीक जाण्यात अर्थ नाही. डीएमएक्सच्या (कंसोलकडून दिव्यांना जाणाऱ्या संकेताच्या) ५१२ वाहिन्यांचा एक पूर्ण फेरा सुमारे २३ मिलिसेकंदांचा असतो, आणि ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे स्पीकरपासून २५ मीटरवर बाल्कनीत बसलेल्या माणसाला थाप ७३ मिलिसेकंदांनी ऐकू येते. त्या शेवटच्या रांगेला आपण कितीही जपले तरी दोन फ्रेमचा फरक राहणारच. मी सम जुळवते ती सभागृहाच्या मध्यावर बसून. कंसोलच्या काचेमागून ती कधीही जुळवू नये.

आता दुसरा प्रश्न: प्रयोग टाइमकोडवर ठेवावा का? माझे उत्तर असे की जे संगीत दर वेळी तंतोतंत तेच असते, तेवढेच टाइमकोडवर द्यावे. मी हे काम पहिल्यांदा शिकले ते गणेशोत्सवातल्या एका मंडळाच्या देखाव्यावर. ध्वनिमुद्रित निवेदनावर चालणारा पंधरा-सोळा मिनिटांचा देखावा संध्याकाळपासून रात्रीपर्यंत पुन्हा पुन्हा होत असे, आणि सातव्या-आठव्या खेळानंतर कोणाही माणसाचा हात जड होतो. तिथे टाइमकोड हा खरा आधार होता. पण त्याच वर्षी एका नृत्याच्या कार्यक्रमात गुरूंची प्रत्यक्ष पढंत (बोल तोंडाने म्हणणे) असतानाही आम्ही तिच्या पुढचे क्यू टाइमकोडवर ठेवले. त्यांनी एक तुकडा रसिकांच्या आग्रहावरून पुन्हा घेतला आणि प्रकाश मात्र पुढच्या नृत्याचा आला. नर्तकी भर निळ्या प्रकाशात पहाटेचा तुकडा नाचत होती. त्यात गुरूंचा काहीच दोष नव्हता. जिवंत माणसाला घड्याळाशी बांधायला निघालो, ही आमची चूक होती.

आपल्या नृत्यनाटिकेतही निवेदिका दोनदा रंगमंचावर येऊन बोलते, असे आपण लिहिले आहे. ते दोन्ही तुकडे आणि टाळ्यांसाठी थांबायचे प्रत्येक ठिकाण टाइमकोडच्या बाहेर काढा. नृत्य संपले की टाइमकोडही थांबावा, निवेदनाचे क्यू ऑपरेटरने हाताने द्यावेत आणि पुढच्या नृत्याच्या संगीताबरोबर पुढचा तास आपोआप सुरू व्हावा. क्यूलॅब या सॉफ्टवेअरमध्ये ध्वनी चालवत असाल, तर प्रत्येक नृत्याचे संगीत आणि त्याचा टाइमकोड एका गटात ठेवून एकाच गोवर सुटतील, अशी मांडणी सहज होते.

ऑपरेटर टाइमकोडवरच्या नृत्यातही बसून नुसता पाहत नाही. त्याच्यासमोर क्यूंची छापील यादी असावी, टाइमकोड तोडणारे बटण बोटाखाली असावे आणि कोणत्या क्षणी तोडून हाताने पुढे न्यायचे, हे तालमीत प्रत्यक्ष करून पाहिलेले असावे. मी प्रत्येक रंगीत तालमीत एक नृत्य ठरवून मध्येच टाइमकोडची केबल काढायला लावते आणि ऑपरेटरला ते शेवटपर्यंत हाताने न्यायला सांगते. ज्याला ते जमते, त्याच्याच हाती मी प्रयोग सोपवते. ध्वनीच्या लॅपटॉपला आणि कंसोलला वेगवेगळे यूपीएस असावेत, लॅपटॉपवरच्या सूचना आणि वायफाय बंद असावेत, आणि टाइमकोडची वाहिनी मिक्सरवरून मुख्य स्पीकरकडे जात नाही ना, हे प्रेक्षक आत येण्याआधी कानाने ऐकून घ्यावे.

पुढच्या तालमीत नवा ट्रॅक लावल्यावर पूर्ण नाटिका चालवण्याची घाई करू नका. आधी फक्त तीन ठिकाणी पाहा: पहिले मिनिट, एकविसावे मिनिट आणि शेवटचा चक्रदार. प्रत्येक ठिकाणी संपादकाच्या घड्याळाचा आणि कंसोलवरच्या टाइमकोडचा एकत्र फोटो घ्या. नृत्यांना स्वतंत्र तास दिल्यावर त्या नृत्याच्या आरंभापासूनचे अंतर मोजा. तिन्ही ठिकाणी दोन आकड्यांतला फरक सारखाच निघाला, तर चालीचा दोष गेला असे समजा आणि मगच समेवरचे क्यू फ्रेमने हलवायला घ्या.